दंडाचं हाड जुळत नाहीये? ऑपरेशनची तारीख घ्यायच्या आधी हे वाचा

दंडाचं हाड मोडलं की ब्रेसमध्ये किंवा प्लास्टरमध्ये बहुतेकांचं साधारण ३ महिन्यांत जुळतं. पण ६ महिने उलटले, घोडबंदर रोडवर रिक्षा खड्ड्यात गेली की अजून कळ येते, हाड आतल्या आत हलल्यासारखं वाटतं आणि एक्सरेत फट तशीच दिसतेय, तर त्याला डॉक्टर नॉनयुनियन म्हणतात, आणि मग नुसतं थांबून फारसा उपयोग नसतो. मालिश आणि हाडवैद्याकडून बांधून घेणं तर अजिबात नको.

पहिला प्रश्न हा विचारा की हाड न जुळण्याचं कारण काय. हे कळल्याशिवाय नवी प्लेट (हाड धरून ठेवणारी धातूची पट्टी) बसवली तर तीही तुटू शकते. एक्सरेत टोकांभोवती भरपूर नवीन हाड दिसत असेल तर बहुतेक वेळा फक्त मजबुती कमी पडलेली असते, तिथे घट्ट दाबून बसवलेली प्लेट पुरते. टोकं बारीक, वाळल्यासारखी असतील तर प्लेटसोबत बोन ग्राफ्टही, म्हणजे फटीत भरायला दुसरीकडचं हाड लागतं. आधी ऑपरेशन झालं असेल, विशेषतः जखमेतून पाणी किंवा पू आला असेल, तर सीआरपी आणि ईएसआर या इन्फेक्शनचा अंदाज देणाऱ्या रक्ताच्या तपासण्या करून घ्याच आणि जखमेची ती गोष्ट डॉक्टरांना स्वतःहून सांगा. इन्फेक्शन निघालं तर काम सहसा दोन टप्प्यांत होतं, आधी आतली जुनी प्लेट किंवा सळी काढून साफसफाई आणि अँटिबायोटिक, नंतर प्लेट.

सोबत एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर), व्हिटॅमिन डी, थायरॉइड तपासा. सिगरेट, विडी, तंबाखू आजपासून बंद, हे मी हात जोडून सांगतोय, कारण निकोटीनने हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो आणि चांगलं झालेलं ऑपरेशनसुद्धा वाया जाऊ शकतं.

ऑपरेशनमध्ये करतात काय, तर फटीत साचलेला चिवट मांसल भाग खरवडून काढतात, टोकांतून रक्त दिसेपर्यंत हाड साफ करतात, टोकं एकमेकांवर दाबून लांब प्लेट लावतात आणि लागला तर कमरेच्या हाडातून ग्राफ्ट काढून भरतात. सुरुवातीला काहींना दंडापेक्षा कंबरच जास्त दुखते, घाबरू नका. साफ करताना हाड थोडं आखूड झालं तरी १-२ सेंटिमीटरने हाताच्या कामात सहसा फरक पडत नाही. आधीच्या ऑपरेशनमध्ये हाडात सळी टाकलेली असेल तर परत दुसरी सळीच टाकायची का प्लेट, हे नक्की विचारा, दंडात सळी बदलण्यापेक्षा प्लेटचा रिझल्ट सहसा चांगला येतो.

मनगट आणि बोटं वर उचलायला लावणारी नस, रेडियल नर्व्ह, या हाडाला अगदी चिकटून जाते, म्हणून ऑपरेशनच्या आधी मनगट आणि अंगठा वर उचलता येतोय का ते डॉक्टरांसमोर करून दाखवा आणि केसपेपरवर लिहून घ्या. नंतर मनगट लुळं पडलं तर बऱ्याचदा ते काही महिन्यांत ठीक होतं, पण लगेच दाखवायचं.

खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का ते योजनेतल्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला विचारा, रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या.

घरी आल्यावर बोटं, कोपर, खांदा डॉक्टर सांगतील तसे लवकर हलवायला लागा, नाहीतर खांदा आखडतो. वजन मात्र उचलायचं नाही, आणि ठाणे-वाशी लोकलमध्ये त्या हाताने हँडल पकडून लोंबकळायचं तर एक्सरे बघून डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाहीच.