दोन कॉलेजांचे आकडे जुळेनात तेव्हा

सांगलीचं आमचं कॉलेज आणि संस्थेचंच तासगावचं कॉलेज, दोन्हीकडच्या ग्रंथालयांत तेच सामायिक ई-डेटाबेस (ऑनलाइन लेखांचे संग्रह) आहेत. वर्षाखेरीला तक्ता केला, तर तासगावचा वापर आमच्या जवळजवळ दुप्पट! प्राचार्य सर म्हणाले, "मग आपण वर्गणी भरायची कशाला?" मला फार लागलं ते. आमची मुलं वाचताना मी रोज बघते.

तासगावच्या मॅडमना फोन लावला तेव्हा उलगडा झाला. काउंटर (COUNTER) म्हणजे ई-साहित्याचा वापर मोजायची ठरलेली पद्धत; तिच्या अहवालातून त्यांनी 'टोटल आयटम रिक्वेस्ट्स'चा आकडा घेतला होता, मी 'युनिक'चा. काउंटरच्या २०१९ पासून लागू झालेल्या पाचव्या आवृत्तीत हे दोन्ही वेगळे मिळतात. एमएस्सीच्या मुलीने एकाच बैठकीत एखादा लेख आधी स्क्रीनवर उघडला, मग त्याचीच पीडीएफ उतरवली, की टोटलमध्ये दोन, युनिकमध्ये एक. (नेट अडकलं म्हणून ३० सेकंदांच्या आत त्याच लिंकवर पुन्हा क्लिक केलं, तर मात्र एकच धरतात.)

मग दोघींनी युनिकच घेतलं, जून ते मे असे महिने सारखे केले आणि पटावरच्या विद्यार्थिसंख्येने भागलं. लॉगिनचा रकाना काढूनच टाकला. त्यातून लेख उघडला की नाही हे कळतच नाही. फरक अगदी थोडा उरला. सरांनी तक्ता दोनदा वाचला आणि नूतनीकरणाच्या कागदावर सही केली.