गटप्रकल्पाच्या संकेतस्थळाचे डिझाइन सर्वांनी मिळून कसे ठरवावे

महाविद्यालयातील संकेतस्थळाचा गटप्रकल्प कोड जमत नाही म्हणून क्वचितच रखडतो. बहुतेक वेळा तो रखडतो ते संकेतस्थळ दिसावे कसे, यावर गटाचे एकमत न झाल्यामुळे. पाच जणांपैकी एक कळव्याला राहतो, दोघे ऐरोलीला, एक कोपरखैरण्याला आणि एक डोंबिवलीहून येतो, तेव्हा चर्चा साहजिकच व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर होते. कोणीतरी मुखपृष्ठाचा स्क्रीनशॉट टाकून "कसं वाटतंय?" असे विचारतो, दोन अंगठे उमटतात, बाकीचे गप्प राहतात आणि ते गप्प राहणे संमती म्हणून धरले जाते. सबमिशन जवळ आल्यावर सगळ्यांची पाने एकत्र जोडली, की प्रत्येक पानावर वेगळा मेनू आणि वेगळ्या आकाराची बटणे निघतात. शेवटी ज्याच्या लॅपटॉपवर प्रकल्प असतो, त्याची आवड हेच गटाचे डिझाइन ठरते. हे टाळायचे असेल तर डिझाइनवरचा निर्णय आवडीनिवडीवर सोडता कामा नये. वाचक संकेतस्थळावर कोणत्या कामासाठी येणार आहे, या प्रश्नावर तो बांधला पाहिजे.

उदाहरणासाठी ठाणे खाडीतील फ्लेमिंगो, म्हणजेच रोहित पक्षी, हा विषय घेऊ. या खाडीच्या एका भागाला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत आली. त्यामुळे विषयाला माहिती भरपूर आहे, आणि ठाणे व नवी मुंबईतील विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष जाऊन पाहता येईल इतका तो जवळचाही आहे.

रंगाआधी मजकूर

पहिल्या बैठकीत रंग, फॉन्ट आणि लोगो यांपैकी कशाचाही विषय काढू नये. त्याऐवजी वाचक कोण आणि तो कोणता प्रश्न घेऊन येतो, हे दोन-तीन वाक्यांत लिहून काढावे. आपल्या उदाहरणात एक वाचक म्हणजे रविवारी मुलांना घेऊन पक्षी पाहायला निघणारे कुटुंब, आणि दुसरा म्हणजे शाळेच्या प्रकल्पासाठी माहिती शोधणारा सातवी-आठवीचा विद्यार्थी. दोघांनाही मुखपृष्ठावर सारखीच जागा देण्याचा मोह होतो. माझ्या मते तो आवरावा आणि कोणाला प्राधान्य द्यायचे हे त्याच बैठकीत ठरवावे, कारण पुढचे निम्मे वाद याच एका उत्तराने मिटतात.

कुटुंबाला प्राधान्य दिले असे समजू. आता विषयाची माहितीच पानांची रचना सुचवू लागते. ओहोटीला खाडीतील चिखलाचे सपाट पट्टे उघडे पडतात आणि पक्षी तेथे खाद्य शोधतात. भरती आली की ते पट्टे पाण्याखाली जातात आणि पक्ष्यांचे थवे नेरूळच्या डीपीएस तलावासारख्या पाणथळ जागांकडे सरकतात. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून निघणाऱ्या बोटफेरीची वेळही भरती-ओहोटीवरच अवलंबून असते. म्हणजे "कुठे पाहावे" आणि "केव्हा पाहावे" ही उत्तरे एकमेकांवाचून निरुपयोगी आहेत. कोणी हौसेने "ठिकाणे" आणि "वेळा" अशी दोन स्वतंत्र पाने सुचवली असतील, तर ती एकत्र करण्यासाठी मतदानाची गरज उरत नाही.

याच टप्प्यावर आणखी एक गोष्ट तपासून घ्यावी. मुखपृष्ठावर "आजची भरती" अशी चौकट असावी, ही कल्पना गटातील सर्वांना एकदम आवडते. परंतु भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे ती चौकट खरी ठेवायची तर एकतर रोज कोणीतरी आकडे भरले पाहिजेत किंवा बाहेरून माहिती आपोआप आणण्याची सोय केली पाहिजे. गटाकडे यांपैकी काहीच नसेल, तर भरतीचे कोष्टक कसे वाचावे हे समजावणारा छोटा भाग अधिक प्रामाणिक ठरतो. जी चौकट आठवड्याभरात खोटी ठरणार आहे, ती कितीही देखणी असली तरी डिझाइनमधून काढून टाकावी.

छायाचित्रांचेही तसेच आहे. टेम्प्लेटमध्ये, म्हणजे संकेतस्थळाच्या तयार साच्यात, पडदाभर पसरलेला एकच फोटो पाहून गट तसेच मुखपृष्ठ ठरवतो आणि नंतर लक्षात येते, की बोटीतून मोबाइलवर काढलेल्या फोटोंत फ्लेमिंगो म्हणजे दूरवर पसरलेले गुलाबी ठिपके आहेत. म्हणून हाती असलेले खरे फोटो आधी एका फोल्डरमध्ये जमा करावेत, आणि दुसऱ्या कोणाचे फोटो वापरायचे असतील तर त्यांचा परवाना व श्रेयनिर्देश त्याच वेळी नोंदवून ठेवावा.

कागदावर, आणि प्रत्येकाने वेगळे

त्यानंतर प्रत्येक सदस्याने इतरांचे काम न पाहता मुखपृष्ठाचे आणि एका आतील पानाचे पेन्सिलीने रेखाटन करावे. वेगवेगळे काढण्याचा आग्रह यासाठी, की पहिले रेखाटन सर्वांसमोर आले की बाकीचे त्यातच डागडुजी सुचवू लागतात, आणि गटातील मितभाषी सदस्याची कल्पना कधी पुढे येतच नाही. रेखाटन मोबाइलच्या उभ्या पडद्याचे असावे. घरातून निघताना किंवा ट्रान्स हार्बर मार्गाच्या लोकलगाडीत उभ्याने माहिती पाहणाऱ्या वाचकाच्या हातात लॅपटॉप नसतो. अनेक अँड्रॉइड फोनच्या पडद्याची रुंदी ब्राउझरच्या हिशेबाने ३६० पिक्सेलच्या आसपास असते. त्या रुंदीत जे नीट बसते ते मोठ्या पडद्यावर पसरवणे सोपे जाते, उलट दिशेचा प्रवास मात्र कष्टाचा होतो.

रेखाटने टेबलावर एकत्र मांडताना कोणते कोणाचे हे सांगू नये. प्रत्येक रेखाटनावर एकच कसोटी लावावी: येत्या रविवारी कुठून आणि किती वाजता निघायचे, हे या पानावरून कळते का, आणि त्यासाठी किती वेळा बोट लावावे लागते? "मला आवडले नाही" हे वाक्य या बैठकीपुरते बाद समजावे. "हा मेनू उघडल्याशिवाय बोटफेरीची माहिती सापडत नाही" असे म्हणणाऱ्याला मात्र उत्तर देणे भाग असते. निवडलेल्या रेखाटनावरून मग फिग्मा किंवा पेनपॉट या डिझाइनच्या साधनांत करड्या रंगातील वायरफ्रेम, म्हणजे पानाचा सजावटीविना आराखडा, तयार करावी. रंग नसल्यामुळे चर्चा रचनेवरच राहते.

मतभेद मिटवताना

दोन रेखाटने अटीतटीला आली, की मुखपृष्ठ एकाचे आणि आतील पाने दुसऱ्याची अशी वाटणी करून सर्वांना खूश करण्याकडे कल होतो. या वाटणीतून संकेतस्थळाचे मात्र नुकसान होते, कारण प्रत्येक रचनेमागे माहितीची एक उतरंड असते आणि दोन उतरंडी एकत्र केल्या की वाचकाला प्रत्येक पानावर नव्याने वाट शोधावी लागते. त्यापेक्षा दोन्ही रेखाटने गटाबाहेरच्या तीन-चार जणांना द्यावीत, त्यांना रविवारच्या सहलीचा तोच प्रश्न विचारावा आणि ते कुठे अडखळतात हे न बोलता पाहावे. मावशी, शेजारचे काका किंवा दुसऱ्या शाखेचा मित्र चालेल; आपल्याच वर्गातला मित्र नको, कारण तो मेनूचे चिन्ह पाहताच ओळखतो. मध्येच "तिथे नाही, वर बघा" असे कोणी सांगितले, की ती चाचणी वाया गेली असे समजावे.

चाचणीनंतरही दोन्ही रेखाटने तुल्यबळ ठरली, तर तो भाग ज्याला बांधायचा आहे त्याचे मत अंतिम मानावे, आणि तेही शक्य नसेल तर सरळ चिठ्ठी टाकावी. हे ऐकायला हास्यास्पद वाटते. पण दोन्ही पर्याय वाचकाला सारखेच उपयोगी असतील, तर त्यांवर आणखी एक संध्याकाळ घालवण्यात शहाणपण नाही. बहुमताचा उपयोग मात्र जपून करावा. तीन विरुद्ध दोन अशा मतांनी हरलेले दोघे पुढे आपापली पाने मनाप्रमाणे बनवतात, असा अनुभव पुष्कळ गटांना येतो.

प्रत्येक निर्णय सामायिक दस्तऐवजात तारीख, कारण आणि नाकारलेला पर्याय यांसह एका ओळीत लिहावा. ग्रुपवरील संदेश दोन दिवसांत वर सरकून जातात. शिवाय ब्लॅक बुकमधील, म्हणजे प्रकल्पाच्या छापील अहवालातील, डिझाइनचे प्रकरण या नोंदींतूनच जवळजवळ तयार होते, आणि व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, "हीच रचना का निवडली?" असा प्रश्न आला तर पाचही जण एकच उत्तर देऊ शकतात.

रंग आणि देवनागरी अक्षर

आता रंगांची पाळी येते, आणि फ्लेमिंगोच्या संकेतस्थळासाठी सर्वांना गुलाबीच हवा असतो. हरकत नाही, परंतु पार्श्वभूमी आणि अक्षर यांच्या उजळपणातील फरक मोजूनच तो ठरवावा. वेबच्या सुगम्यतेचे प्रचलित निकष साध्या आकाराच्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १ आणि मोठ्या मजकुरासाठी किमान ३ ला १ इतके गुणोत्तर मागतात. सीएसएसमधील, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेतील, "पिंक" या नावाचा रंग पांढऱ्यावर ठेवला तर ते जेमतेम १.५ ला १ भरते. म्हणजे तो रंग पट्ट्यांसाठी आणि चौकटींसाठी ठेवावा, अक्षरांसाठी गडद किरमिजी घ्यावा. भरती आणि ओहोटी केवळ दोन रंगांनी दाखवू नयेत, रंगांसोबत शब्दही लिहावेत. रंगांतील फरक न ओळखणारा वाचक असतोच.

मराठी संकेतस्थळाची खरी परीक्षा अक्षरांत होते, आणि बाजारातील बहुतेक टेम्प्लेट रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली असल्यामुळे येथे गटाने स्वतःचे नियम लिहून काढणे आवश्यक आहे. अशा टेम्प्लेटमध्ये शीर्षके उठून दिसावीत म्हणून ती कॅपिटल अक्षरांत केलेली असतात. देवनागरीत कॅपिटल नसल्यामुळे तो परिणाम नाहीसा होतो, म्हणून शीर्षक आणि मजकूर यांतील फरक आकार व जाडी यांवरच उभा करावा लागतो. अक्षरांमध्ये जास्तीचे अंतर सोडण्याची सजावट शिरोरेषा तोडते, तेव्हा ती सरसकट बंद करावी. शीर्षकांच्या ओळी एकमेकींना अगदी चिकटवलेल्या असतील तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या, मात्रा व रफार एकमेकांत शिरतात. मजकुरासाठी ओळींची उंची अक्षराच्या आकाराच्या १.६ पट किंवा किंचित जास्त ठेवल्यास वाचन सुखाचे होते. तिरपी अक्षरे शक्यतो वापरूच नयेत, कारण अनेक देवनागरी फॉन्टना स्वतंत्र तिरपे रूप नसते आणि ब्राउझर सरळ अक्षरेच ओढून तिरकी करतो.

फॉन्ट एकच घ्यावा आणि त्याच्या दोन जाड्या पुरेशा समजाव्यात. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्त किंवा गुगलचा नोटो सॅन्स देवनागरी हे दोन्ही मोफत आणि खुल्या परवान्याचे असल्यामुळे प्रकल्पात निर्धास्तपणे वापरता येतात. पानाच्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे त्याची रचना लिहिलेल्या कोडमध्ये, भाषा मराठी असल्याची नोंद न विसरता करावी. काही फॉन्ट त्या नोंदीवरूनच ल आणि श यांची मराठी वळणाची रूपे दाखवतात, आणि पडद्यावरील मजकूर वाचून ऐकवणाऱ्या स्क्रीन रीडरलाही तो कोणत्या भाषेत वाचायचा हे त्यातूनच कळते. आकडे देवनागरी की इंग्रजी, हेही एकदाच ठरवून टाकावे. एका पानावर "६.३०" आणि दुसऱ्यावर इंग्रजी आकड्यांतील वेळ दिसली, की पाने दोन वेगळ्या माणसांनी बनवली आहेत हे परीक्षकाला लगेच समजते.

ठरलेले कोडमध्ये उतरवणे

दस्तऐवजात लिहिलेला रंग प्रत्येकाने आपापल्या फाइलमध्ये हाताने भरला, तर आठवड्याभरात त्याच्या चार छटा होतात. म्हणून रंग, फॉन्ट, अक्षरांचे आकार आणि मोकळ्या जागा यांची मूल्ये एकाच सीएसएस फाइलमध्ये व्हेरिएबल म्हणून, म्हणजे प्रत्येकाला एक नाव देऊन, नोंदवावीत आणि इतर कोणत्याही फाइलमध्ये रंगाचा थेट आकडा येऊ देऊ नये. जागांसाठी ८ पिक्सेलच्या पटीतील मोजकी मापे पुरतात. सोबत एक नमुना पान बनवावे, ज्यावर शीर्षक, बटण, माहितीची चौकट, कोष्टक आणि मेनू हे सर्व घटक एकेकदा असतील. ज्याला बटण हवे त्याने ते तेथूनच उचलावे. ही फाइल आणि हे पान बदलण्याचा अधिकार एकाच सदस्याकडे असावा आणि गिटवर, म्हणजे कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीवर, तो बदल मुख्य शाखेत जाण्यापूर्वी दुसऱ्या एकाने तपासावा.

बूटस्ट्रॅप, म्हणजे मेनू, बटणे असे तयार घटक देणारा कोडचा संच, वापरायचे असेल तर त्याची आवृत्तीही लेखी ठरवावी. चौथ्या आवृत्तीतून पाचव्यात जाताना अनेक नावे बदलली आहेत; मेनू उघडणारे "डेटा-टॉगल" आता "डेटा-बीएस-टॉगल" झाले आहे. जुन्या व्हिडिओवरून उतरवलेला मेनू त्यामुळे दिसतो व्यवस्थित, पण उघडत नाही, आणि दोष कोणाच्या पानात आहे यावर गटात विनाकारण वाद होतो.

सबमिशनच्या साधारण दोन आठवडे आधी डिझाइन गोठवावे. त्यानंतर एखादी गोष्ट वाचता येत नाही, उघडत नाही किंवा माहिती चुकीची आहे, एवढ्याच कारणांसाठी बदल स्वीकारावा. नव्या सुचलेल्या कल्पना "पुढील विस्तार" या मथळ्याखाली ब्लॅक बुकमध्ये जातील. गोठवण्याच्या दिवशी संपूर्ण संकेतस्थळ इंटरनेट बंद करून एकदा उघडावे. प्रयोगशाळेतील ज्या संगणकावर सादरीकरण होते तेथे जोडणी असेलच असे नाही, आणि फॉन्ट व बूटस्ट्रॅप बाहेरून येत असतील तर इतक्या चर्चेने ठरवलेले पान साध्या फॉन्टमध्ये, मेनू विस्कटलेल्या अवस्थेत उघडते. त्यामुळे या सर्व फाइली प्रकल्पाच्या फोल्डरमध्येच ठेवाव्यात. जमल्यास वर्गातील प्रोजेक्टरवरही एक फेरी घ्यावी. फिकट गुलाबी पट्टे तेथे जवळजवळ पांढरे दिसतात, आणि ते एक छटा गडद करायचे असतील तर व्हेरिएबलच्या फाइलमधील एक ओळ बदलावी लागते.