‘लोकशाहीसाठी मदत’ ही बातमी कशी तपासावी

अमुक देशाने तमुक देशात लोकशाही रुजवण्यासाठी निधी दिला, अशी बातमी आली की माझ्या राज्यशास्त्राच्या वर्गात लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो परोपकार, दुसरा म्हणतो साम्राज्यवाद. मी दोघांनाही आधी वही काढायला सांगते.

पहिल्यांदा लिहा, निवडणुकीची सूत्रं कोणाच्या हातात होती? इथे मी सुदान घेते. १९५३च्या फेब्रुवारीत ब्रिटन आणि इजिप्त यांनी सुदानला स्वयंशासन द्यायचा करार केला. दोघांनाही तो देश आपल्याच प्रभावाखाली हवा होता आणि दोघांचाही एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता. मग सात जणांचा आयोग नेमला. तीन सुदानी, एक ब्रिटिश, एक इजिप्शियन, एक अमेरिकी आणि अध्यक्ष भारताचे सुकुमार सेन. आपली पहिली सार्वत्रिक निवडणूक त्यांनी नुकतीच पार पाडली होती. भारताला तिथे कोणाला जिंकवायचं नव्हतं, आणि मला वाटतं सेन यांचं खरं बळ तेच. इजिप्तशी एकीकरण मागणारा पक्ष जिंकला. पण त्याच पक्षाच्या इस्माईल अल-अझहरींनी पुढे स्वातंत्र्याची वाट धरली आणि १ जानेवारी १९५६ रोजी सुदान स्वतंत्र झाला.

मात्र वही इथे मिटू नका, करारानंतरची पाच वर्षंही लिहा. नोव्हेंबर १९५८मध्ये तिथे लष्कराने सत्ता घेतली. चोख मतदान आणि टिकाऊ लोकशाही यांचे रकाने वेगळे ठेवा.

मग त्याच देशाबाबत देणाऱ्याचा जुना इतिहास शेजारी मांडा. चिलीत १९८८च्या सार्वमतात लष्करी हुकूमशहा पिनोशे हरले. त्या वेळी मतदार नोंदणीला आणि समांतर मतमोजणीला अमेरिकेचा पैसा होता. त्याच अमेरिकेने तिथे १९७०मध्ये निवडून आलेले समाजवादी राष्ट्राध्यक्ष आयेंदे यांच्याविरुद्ध गुप्तपणे पैसा ओतला होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीने दुसरी पुसू नका.

सर्वांत कडक कसोटी देणाऱ्याला अवघड जाणाऱ्या घटनेची. इजिप्तमध्ये २०१२ साली मोर्सी राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. ३ जुलै २०१३ रोजी लष्कराने त्यांना हटवलं. निवडून आलेलं सरकार लष्कराने उलथलं तर मदत थांबवावी, असं अमेरिकेचा कायदा सांगतो. ओबामा सरकारने हा सत्तापालट होता की नाही, हे ठरवायचंच टाळलं. काही शस्त्रं अडवली, ती २०१५मध्ये सोडली. वर्षाला १.३ अब्ज डॉलरची लष्करी मदत, सुएझ कालवा आणि इस्रायलशी असलेला तह यांचं वजन जास्त पडलं. भाषणं कितीही असोत, पैसा कधी थांबला आणि कधी पुन्हा सुरू झाला, त्या तारखा शोधा.

आणि भारताला वगळू नका. १९९३चा नेहरू पुरस्कार आपण म्यानमारच्या लोकशाहीवादी नेत्या आंग सान सू ची यांना जाहीर केला. त्याच दशकात ईशान्येतले बंडखोर आणि चीनचा वाढता वावर पाहून म्यानमारच्या लष्करी राजवटीशी संबंधही जुळवले. हा रकाना भरताना वर्गातली मुलं गप्प होतात. तरीही तो त्यांच्याच हाताने भरून घ्या.