गल्लीतल्या रस्त्याचा हिशोब कसा मागायचा

नवा रस्ता पहिल्याच पावसात उखडला की आपण 'खाल्ले पैसे' म्हणतो आणि कामाला लागतो. त्या बोलण्यानं कुणाचं काही वाकडं होत नाही. मी सार्वजनिक बांधकाम खात्यात शाखा अभियंता होतो, आता निवृत्त होऊन कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. टेबलापलीकडच्या माणसाला कुठल्या कागदाची खरी धास्ती असते ते मला माहीत आहे. तो कागद म्हणजे मोजमाप पुस्तिका. खात्यात सगळे तिला एमबी म्हणतात.

ठेकेदाराचं बिल तिच्याशिवाय निघत नाही. कनिष्ठ अभियंता जागेवर मोजमाप घेऊन लांबी, रुंदी, जाडी एमबीत लिहितो, वरचे अधिकारी तपासून सही करतात, मग पैसे. म्हणजे जाडीत चोरी झाली असेल, तर खोटा आकडा तिथं सहीनिशी बसलेला असतो. समजा गल्ली 120 मीटर लांब, 3 मीटर रुंद आणि काँक्रीट 15 सेंटिमीटर दाखवलंय. झालं 54 घनमीटर. जागेवर जाडी 10 सेंटिमीटरच भरली तर 36. उरलेल्या 18 घनमीटरचे पैसे कशाचे दिले, एवढा एकच प्रश्न विचारायचा.

आता कागद मिळवायचे कसे? माहितीचा अधिकार 2005 पासून आहे. जोडपत्र 'अ' चा नमुना घ्या, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि महापालिकेच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे द्या. गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी, ताराराणी मार्केट यांपैकी तुमचं विभागीय कार्यालय कुठलं ते आधी बघा. आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर 150 शब्दांच्या आत, म्हणून मोजकं लिहा: अमुक गल्लीतल्या काँक्रीट रस्त्याचं मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, एमबीची संबंधित पानं, चाचणी अहवाल आणि अदा केलेली बिलं, यांच्या साक्षांकित प्रती. 'रस्ता खराब का झाला?' असं लिहू नका. कायद्यानं दप्तरात आहे ती माहिती मिळते, खुलासा मिळत नाही. तुम्हाला ती कशाला हवी, हे सांगायची मात्र गरज नाही. कुणी विचारलंच तर कलम 6(2) दाखवा.

प्रतीला पानामागं 2 रुपये पडतात. त्याआधी सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळात जाऊन फाईल बघून या. जिल्हास्तरावरच्या आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत ही मुभा ठेवायचा शासनाचा 2018 चा आदेश आहे. लोक हे वापरत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं. फाईल समोर असली की नेमकं कुठलं पान मागायचं ते कळतं.

मोजायला पोलादी टेप घ्या. रुंदी एका जागी मोजून भागत नाही, दर दहा मीटरवर घ्या आणि सरासरी काढा. जाडी मात्र कडेला बघून कळत नाही, कारण कडेला काँक्रीट जाड ओतून मध्ये पातळ केलेलं मी बघितलंय. पाण्याच्या कनेक्शनसाठी कुणी चर मारला, की लगेच जाऊन पट्टी धरून फोटो काढा. चर बुजवला की पुरावा गेला. पक्कं करायचं तर कोअर, म्हणजे यंत्रानं भोक पाडून काँक्रीटचा गोल तुकडा, काढायची मागणी करा. साहित्याचे प्रमाणित नमुने घेणं हाही माहिती अधिकाराचाच भाग आहे, कलम 2 मध्ये तो स्पष्ट लिहिलाय. आपल्या कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनातही रस्त्यांच्या कामाचं मूल्यांकन करा, ही मागणी जोरात पुढं आली होती. एका गल्लीनं तेच मागितलं तर बिघडलं कुठं?

30 दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, 20 रुपयांच्या स्टॅम्पवर. तिथंही दाद लागली नाही, तर 90 दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडं. माहिती अडवणाऱ्याला दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000 रुपये दंड होऊ शकतो. आयोगाकडं वेळ लागतो, तेवढा धीर धरा.

एकट्यानं हे करू नका. तळेगाव दाभाडेत 2010 साली सतीश शेट्टींचा खून झाला. ते माहिती अधिकारातूनच जमिनींचे व्यवहार बाहेर काढत होते. म्हणून तालमीतली, मंडळातली, भिशीतली माणसं सोबत घ्या. वेगवेगळ्या नावांनी अर्ज करा आणि मोजमाप दिवसाढवळ्या, चार माणसांसमोर घ्या. बायकांना जरूर घ्या. गटार तुंबल्यावर पाणी कुणाच्या उंबऱ्यातून आत येतं ते त्यांनाच नेमकं माहीत असतं.

फरक निघाला की एका पानावर दोन रकाने करा: एमबीतला आकडा आणि जागेवरचा आकडा. शेवटी सगळ्यांच्या सह्या. हे पान आयुक्तांना द्या, प्रत शहर अभियंत्यांना आणि मुख्य लेखापरीक्षकांना. कुणाला चोर म्हणू नका, फेरमोजणी मागा. आणि कार्यारंभ आदेशात दोष दायित्वाचा कालावधी शोधा. तो संपेपर्यंत दुरुस्ती ठेकेदारानं स्वखर्चानं करायची असते आणि त्याची अनामत महापालिकेकडं अडकलेली असते. तुमचा अर्ज ती अनामत परत जायच्या आत पोचला पाहिजे.