या चुका टाळा: जीनोम वेब वापरताना अडतं कुठे?

"अरे, स्क्रीनवर हे दगड आणि हिरे कसले?" नौपाड्यातल्या काकांचा फोन. जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकून दिल्यावर मीच त्यांना म्हटलं होतं, एपिफनी घ्या, साधा ब्राउझर आहे (जीनोम वेबचंच हे जुनं नाव). त्यांनी घेतलं, आणि आला खेळ.

चूक त्यांची नव्हे, नावाची. मिंट ज्यांच्यावर उभं आहे त्या डेबियन-उबुंटूच्या सॉफ्टवेअर भांडारात 'एपिफनी' हे नाव एका खेळाकडे आहे. ब्राउझरच्या पॅकेजचं नाव 'एपिफनी-ब्राउझर'. त्यातून २०१२ मध्ये तो ब्राउझर बनवणाऱ्या जीनोम प्रकल्पवाल्यांनी त्याचं नाव बदलून नुसतं 'वेब' केलं. मेन्यूत एपिफनी शोधत बसलात तर डोळ्यासमोर असूनही चुकेल. शोधायला इतकं अवघड नाव ब्राउझरला कुणी का द्यावं, हे मला अजून कळलेलं नाही.

सगळ्यात जास्त तक्रारी व्हिडिओच्या येतात. यूट्यूब बहुतेक वेळा चालतं, पण बातम्यांच्या साइटवरचा व्हिडिओ काळाच राहतो. लोक लगेच इंटरनेटवाल्याला फोन लावतात. खरं कारण वेगळं. हा ब्राउझर पानं दाखवायला वेबकिट इंजिन वापरतो आणि व्हिडिओ वाजवायचं काम जीस्ट्रीमर या वेगळ्या सॉफ्टवेअरकडे सोपवतो. एच.२६४ या व्हिडिओ प्रकाराचं कोडेक, म्हणजे तो उलगडणारं सॉफ्टवेअर, मशीनवर नसेल तर जीस्ट्रीमर तरी काय वाजवणार? मिंटमध्ये मेन्यूतून मल्टिमीडिया कोडेक टाका आणि ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. उबुंटूवर जीस्ट्रीमरचं 'लिबाव्ह' पॅकेज घ्या. नेटफ्लिक्ससाठी मात्र खटपट करू नका. त्याला लागणारं वाइडवाइन हे कॉपी रोखणारं सॉफ्टवेअर यात नाही, कोडेक टाकून ते येत नाही. त्या कामासाठी फायरफॉक्स राहू द्या. नवा आला म्हणून जुना ब्राउझर काढून टाकणं ही चूक मी स्वतः केली आहे, आणि ती नेमकी शनिवारी रात्री लक्षात आली.

काही साइट 'तुमचा ब्राउझर चालत नाही' म्हणून दारातूनच परत पाठवतात. त्यांची यादी क्रोम-फायरफॉक्सवर संपते. सेटिंग्ज उलटीपालटी करून उपयोग नाही. एवढ्यापुरता दुसरा ब्राउझर उघडा.

याची खरी गंमत वेब ॲपमध्ये आहे. रोजची मेलची साइट मेन्यूतून ॲप म्हणून बसवली की तिची वेगळी खिडकी, वेगळा आयकॉन. ऐरोलीच्या एका मावशींनी हे केलं आणि घाबरून विचारलं, "माझं लॉगिन गेलं की काय?" गेलं नव्हतं. प्रत्येक वेब ॲपचं प्रोफाइल स्वतंत्र असतं, कुकी (लॉगिन लक्षात ठेवणारी नोंद) हीही स्वतंत्र, म्हणून पहिल्यांदा पुन्हा लॉगिन करावं लागतं. एकाच साइटची दोन खाती वापरणाऱ्याला हीच सोय.

पासवर्ड विचारणारी एक चौकट वारंवार येत असेल तर ती साइटची नाही, कीरिंगची, म्हणजे मशीनच्या पासवर्डच्या तिजोरीची आहे. सेव्ह केलेले पासवर्ड त्या कुलपात असतात. मशीन ऑटो-लॉगिनवर असेल तर ते कुलूप आपोआप उघडत नाही, म्हणून विचारणा होते. तिथे कीरिंगचा पासवर्ड द्या. तो बहुधा तुमचा लॉगिनचा जुनाच पासवर्ड असतो. रोज कटकट नको असेल तर ऑटो-लॉगिन बंद करा. कीरिंगचा पासवर्ड रिकामा ठेवायचा सल्लाही कुणी देईल. घरच्या मशीनवर चालेल एक वेळ, लोकलने फिरणाऱ्या लॅपटॉपवर नको.

राहता राहिला 'हलका ब्राउझर' हा गैरसमज. दिसायला हलका आहे, पण जड साइट इथेही जडच. ४ जीबी रॅमवर पंधरा टॅब उघडे ठेवले तर पंखा फिरणारच.