मिसिंग करणारी गाडी आणि ऑक्सिजन सेन्सरचा कोड : गॅरेजमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

गॅरेजमध्ये नवा आलेला हेल्पर सगळ्यात आधी स्कॅनर लावायला शिकतो. स्टिअरिंगखालचं सोळा पिनांचं सॉकेट शोधायचं, इग्निशन ऑन करायचं, कोड वाचायचा. हे पाच मिनिटांत जमतं आणि चुकीची सवयही तिथेच लागते. पी०३०१ आला की पहिल्या सिलिंडरची कॉइल बदल, पी०१३१ आला की ऑक्सिजन सेन्सर बदल. कोड ही ईसीयूने, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरने, नोंदवलेली तक्रार असते. ती कशामुळे आली हे शोधायचं काम आपलं. ऑक्सिजन सेन्सरच्या बाबतीत तर हे फारच लक्षात ठेवायला हवं, कारण हा सेन्सर खरं बोलत असतानाच सगळ्यात जास्त वेळा बदलला जातो.

असं का होतं ते आधी नीट समजून घ्या. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल गेलं, पण ठिणगी पडली नाही, तर दोन्ही न जळता सायलेन्सरकडे जातात. सेन्सरला पेट्रोल कळत नाही, त्याला फक्त ऑक्सिजन कळतो. न जळलेला ऑक्सिजन दिसला की तो मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, असल्याचं सांगतो. ईसीयू त्यावर विश्वास ठेवून पेट्रोल वाढवतो. मग चांगल्या सिलिंडरचे प्लगही काळे पडतात, ॲव्हरेज पडतं, आणि स्कॅनरवर मिसफायरच्या (मिसिंगच्या) कोडच्या जोडीला पी०१७१ हा लीनचा कोड येऊन बसतो. अशा गाडीला नवा सेन्सर लावला तरी तोही तेच सांगणार. म्हणून मिसफायर आणि लीन असे दोन्ही कोड एकत्र असतील तर आधी मिसफायर सोडवा, सेन्सरला हात लावू नका.

पाना हातात घेण्याआधी मालकाला विचारा, गाडी नेमकी कधी मिसिंग करते? सोलापुरात सात रस्त्याला सिग्नलवर उभी असताना थरथरते की पुणे हायवेवर बाळं सोडल्यावर रेस दिली की झटके खाते? सकाळच्या पहिल्या स्टार्टला की दुपारी तापल्यावर? फक्त सीएनजीवर की पेट्रोलवरही? वॉशिंग करून आणल्यानंतर सुरू झालं का? गाडी शेतात किंवा मोकळ्या प्लॉटवर उभी असते का? शेवटचा प्रश्न उंदरांसाठी. इंजेक्टरच्या वायरिंगची एक वायर कुरतडलेली असली तरी एक सिलिंडर बंद पडतो आणि ती जागा बरेचदा मॅनिफोल्डच्या खाली, पटकन न दिसणारी असते.

उत्तरांचा अर्थ साधारण असा लावायचा. आयडलिंगलाच त्रास असेल तर व्हॅक्यूम लीक (इन्टेकला भोक पडून जादा हवा आत येणं), घट्ट बसलेले टॅपेट किंवा कमी कम्प्रेशन. लोडवर त्रास असेल तर प्लग, कॉइल किंवा पेट्रोलचं कमी प्रेशर. तापल्यावर सुरू होत असेल तर कॉइलवर संशय पहिला. सोलापूरच्या मे महिन्यात चाळिशी ओलांडलेल्या उन्हात बॉनेटखाली कॉइल भाजून निघते, आतल्या इन्सुलेशनला बारीक तडा असेल तर तो तेव्हाच उघडा पडतो. थंड इंजिनवर तपासून ‘कॉइल ठीक आहे’ म्हणून गाडी परत पाठवू नका. उलट सकाळच्या थंड स्टार्टची तक्रार असेल तर गाडी रात्रभर ठेवून घ्या आणि सकाळी स्कॅनर लावूनच स्टार्ट करा.

कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड आला त्या क्षणाचे आकडे, लिहून घ्या : आरपीएम, लोड, कूलंटचं तापमान, गाडीचा वेग, फ्युएल ट्रिम (ईसीयूने पेट्रोल किती टक्के वाढवलं किंवा कमी केलं तो आकडा). बॅटरीची वायर काढली तरी बहुतेक गाड्यांत हे सगळं जातं, म्हणून आधी कागदावर उतरवा. पी०३०१ ते पी०३०४ मध्ये शेवटचा अंक सिलिंडरचा. पी०३०० म्हणजे एका सिलिंडरवर बोट ठेवता येत नाही. तिथे कॉइल शोधत बसण्यापेक्षा सगळ्यांना सामाईक असलेल्या गोष्टी पाहा, म्हणजे पेट्रोलचं प्रेशर, व्हॅक्यूम आणि पेट्रोलची प्रत. चेक लाइट नुसती लागलेली नसून लुकलुकत असेल तर ती गाडी पळवायची नाही. न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये) जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळते. मालकाला हे फोनवरच सांगा.

आता एका सिलिंडरचा मिसफायर. सगळ्यात सोपी आणि भरवशाची युक्ती म्हणजे अदलाबदल. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेल्या गाडीत पहिल्याची कॉइल दुसऱ्यावर लावा, कोड पुसा, गाडी त्याच परिस्थितीत चालवा. पी०३०१ चा पी०३०२ झाला तर कॉइल खराब. कोड जागेवरच राहिला तर प्लग बदलून पाहा, मग इंजेक्टर. एका वेळी एकच वस्तू हलवायची. घाईत कॉइल आणि प्लग दोन्ही हलवले तर दोष नक्की कशात होता हे कळत नाही.

प्लग काढायचा तो इंजिन थंड असताना. हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि गरम असताना आटे सोलून निघतात. काढण्याआधी प्लगच्या खड्ड्यात हवा मारा, नाहीतर तिथली धूळ सिलिंडरमध्ये पडेल. खड्ड्यात पाणी असेल तर वॉशिंगचं प्रेशर तिथपर्यंत पोचलं आहे. ऑइल असेल तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलं आहे आणि ते न बदलता नवी कॉइल लावणं म्हणजे मालकाचे पैसे वाया. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर उभी बारीक काळी रेघ शोधा, पेन्सिलने ओढल्यासारखी. ती दिसली की ठिणगी खाली न जाता बाहेरून हेडला जात होती. त्याच उंचीवर कॉइलच्या रबरी बूटमध्येही खूण सापडते, म्हणून प्लगबरोबर बूटही बदला. गॅप फिलर गेजने मोजा. बहुतेक पेट्रोल गाड्यांत ०.७ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो, पण त्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्या. इरिडियम प्लगची बारीक टोकं ठोकून गॅप बसवायच्या भानगडीत पडू नका. बसवताना हाताने पूर्ण फिरवून मगच पाना लावा.

कॉइल बाहेर काढून ठिणगी हवेत उडवून दाखवायची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी दिसते. ती सोडून द्या. आजच्या कॉइल हजारो व्होल्ट देतात. शॉक तर बसतोच, शिवाय ठिणगीला जायला वाट मिळाली नाही तर कॉइल आतून फुटते. स्पार्क टेस्टर स्वस्त मिळतो. चालू इंजिनवर एकेक सिलिंडर बंद करून पाहायचा असेल तर कॉइलऐवजी इंजेक्टरचा कपलर काढा, म्हणजे कच्चं पेट्रोल कॅटमध्ये जाणार नाही. ज्या सिलिंडरचा कपलर काढल्यावर इंजिनच्या आवाजात फरक पडत नाही, तो आधीपासून काम करत नव्हता.

सीएनजीच्या गाड्यांबद्दल वेगळं सांगायला हवं. सीएनजीला पेट्रोलपेक्षा जास्त जोराची ठिणगी लागते, त्यामुळे अर्धवट कमजोर झालेली कॉइल पेट्रोलवर गाडी ओढून नेते आणि सीएनजीवर मिसिंग करते. मालक म्हणतो किट खराब आहे. तुम्ही आधी प्लग, गॅप आणि कॉइल बघा, मग गॅसचा फिल्टर आणि सीएनजी इंजेक्टर. दुसरा प्रकार हळूहळू होतो. सीएनजीवर व्हॉल्व्ह सीटची झीज जास्त होते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटचं क्लिअरन्स कमी होत जातं. एक वेळ अशी येते की गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही. आयडलिंगला गाडी थरथरते, रेस दिली की बरी वाटते, आणि कॉइल, प्लग, इंजेक्टर सगळं बदलूनही कोड त्याच सिलिंडरवर राहतो. इथे कम्प्रेशन गेज लावल्याशिवाय उत्तर नाही. सगळे प्लग काढा, इंजेक्टर आणि कॉइलचे कपलर काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि प्रत्येक सिलिंडरला सारखेच फेरे द्या. आकड्याइतकंच सिलिंडरमधलं अंतर महत्त्वाचं. एखादा बाकीच्यांपेक्षा १५ टक्क्यांहून खाली असेल तर दोष आत आहे. त्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. आकडा वाढला तर रिंग, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

मिसफायर नाही, पण पी०१७१ आहे, तर लाइव्ह डेटात फ्युएल ट्रिम उघडा. शॉर्ट (त्या क्षणाचं) आणि लाँग (ईसीयूने शिकून ठेवलेलं) अशा दोन्हींची बेरीज साधारण -१० ते +१० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. आयडलिंगला +२० आणि २५०० आरपीएमला +५ होत असेल तर व्हॅक्यूम लीक : फाटका पाईप, मॅनिफोल्डचं पॅकिंग, ब्रेक बूस्टरची नळी. आयडलिंगला ठीक आणि लोडवर ट्रिम वाढत असेल तर पंप किंवा फिल्टर कमी पडतोय. हवेचं भोक शोधायला स्मोक मशीन उत्तम. काही जण क्लीनरचा स्प्रे मारून शोधतात, पण तापलेल्या मॅनिफोल्डजवळ तो पेट घेऊ शकतो, अग्निशामक हाताशी नसेल तर नकोच. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे जुन्या गाडीत ट्रिम थोडं प्लसकडे सरकतं, कारण इथेनॉलमध्येच ऑक्सिजन असतो. तेवढ्यावरून सेन्सरला दोष देऊ नका. सेन्सरच्या आधी सायलेन्सरला भोक असेल तरी बाहेरची हवा आत ओढली जाते आणि खोटं लीन दिसतं. सांध्याजवळची काजळी पाहा.

आता खुद्द सेन्सर. खालचं सगळं झिर्कोनियाच्या साध्या सेन्सरचं आहे. वाइडबँड सेन्सर (मिश्रणाचं नेमकं प्रमाण मोजणारा) असेल तर हे व्होल्टचे आकडे लागू पडत नाहीत. हा सेन्सर सुमारे ३०० अंशांच्या वर तापल्यावरच काम करतो, म्हणून गाडी गरम करून दोन मिनिटं २५०० आरपीएमवर ठेवा आणि ग्राफ पाहा. पुढच्या, म्हणजे कॅटच्या आधीच्या, सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये सतत वर-खाली व्हायला हवा. खाली अडकलेला दिसला तर लगेच निकाल देऊ नका. इन्टेकमध्ये थोडासा गॅस किंवा क्लीनर द्या, व्होल्टेज ०.८ च्या पुढे झटकन जायला हवा. मग एक व्हॅक्यूम पाईप काढा, ०.२ च्या खाली यायला हवा. दोन्हींना लगेच उत्तर देणारा सेन्सर चांगला आहे आणि इंजिन खरोखरच लीन चाललंय. दोन्हीकडे ढिम्म राहणारा किंवा रेंगाळणाराच बदलायचा.

पी०१३५ आणि पी०१४१ हे हीटरचे कोड. आधी फ्यूज, मग इंजिन चालू ठेवून हीटरच्या एका वायरवर १२ व्होल्ट येतात का ते पाहा. कपलर काढून सेन्सरच्या बाजूच्या एकाच रंगाच्या दोन वायरींमधला रेझिस्टन्स मोजा. थंड सेन्सरला साधारण काही ओहम ते १५ ओहमपर्यंत येतो. मीटरवर ओपन दाखवलं तर हीटर तुटला.

नवा सेन्सर बसवताना २२ मिलिमीटरचा, वायरसाठी फट असलेला सॉकेट वापरा. आट्यांना लावलेली पेस्ट टोकाला लागू देऊ नका. कपलरमध्ये ग्रीस किंवा स्प्रे नको, कारण अनेक सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरींमधूनच घेतात. जुना सेन्सर फेकण्याआधी त्याचं टोक बघा. पांढरी पूड असेल तर सिलिकॉनचा सीलंट किंवा कूलंट गेलेलं असतं, ओली काजळी असेल तर ऑइल जळतंय. ते न थांबवता लावलेला नवा सेन्सरही टिकणार नाही. पी०४२० या कॅटच्या कोडलाही हेच लागू. मागचा सेन्सर पुढच्याची नक्कल करत असेल तर कॅट गेलं, पण आधी कशामुळे मिसफायर होत होता ते मिटवूनच नवं कॅट बसवा.

हे काम शिकायला विजापूर रोडच्या शासकीय आयटीआयसारख्या ठिकाणी मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड चांगला पाया देतो, पण वायरिंग डायग्राम वाचायचा सराव स्वतःच करावा लागतो. पहिल्या पगारातून स्कॅनर घेऊ नका. चांगला मल्टिमीटर, फिलर गेज, स्पार्क टेस्टर आणि कम्प्रेशन गेज घ्या. रोज एका धडधाकट गाडीचा लाइव्ह डेटा पाहून ट्रिम, सेन्सरचा ग्राफ आणि आयडलिंगचे आकडे वहीत मॉडेलप्रमाणे उतरवत जा. बिघडलेली गाडी समोर आली की तुलनेला हेच आकडे लागतात, आणि ते तुमच्या इथल्या हवेतले, इथल्या पेट्रोलवरचे असतात.