हिब्रू विलापगीतं वाचताना या चुका टाळा

यरुशलेम शहराच्या विध्वंसावर शोक करणारं बायबलमधलं ‘विलापगीत’ हे पुस्तक अवघ्या पाच अध्यायांचं आहे. एका बैठकीत वाचून होतं, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. वाचणारा दुःखाच्या ओळी भराभर ओलांडतो, मधलं एखादं आशेचं वचन उचलतो आणि पुस्तक मिटतो. प्रवचनांत, अभ्यासवर्गांत, साहित्याच्या चर्चांत त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात. बहुतेकींचं मूळ एकच आहे: विलाप म्हणजे आवरता न आलेलं रडणं, असं आपण गृहीत धरतो. प्राचीन इस्राएलात तो शिकायचा, शिकवायचा आणि चारचौघांत पार पाडायचा विधी होता. त्याला घाट होता, नियम होते. ते ध्यानात न घेता वाचलं तर निम्मं पुस्तक हातातून निसटतं.

दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत

पहिली चूक वर्गीकरणाची. ‘शोकगीत’ या एकाच नावाखाली आपण दोन निरनिराळे प्रकार ढकलतो. एक आहे ‘कीना’, म्हणजे मृतासाठी गायचं गीत. दुसरं संकटात सापडलेल्या जिवंत माणसाचं देवाला घातलेलं गाऱ्हाणं. स्तोत्रसंहितेत, म्हणजे बायबलमधल्या गीतांच्या पुस्तकात, या गाऱ्हाण्यांची संख्या फार मोठी आहे. १३व्या स्तोत्रात ‘किती काळ?’ हा प्रश्न लागोपाठ चार वेळा येतो. तो थेट देवाला विचारलेला आहे आणि विचारणाऱ्याला उत्तर हवं आहे.

कीना उत्तर मागत नाही. गेलेला परत येणार नाही हे तिथे मान्य झालेलं असतं. इस्राएलाचा राजा शौल आणि त्याचा मुलगा योनाथान गिलबोवा डोंगरावर लढाईत पडल्यावर, पुढे राजा झालेल्या दाविदाने केलेला विलाप (२ शमुवेल १:१९–२७) वाचून पाहा. ‘पराक्रमी कसे पडले’ ही ओळ तीनदा येते. ही बातमी गथात सांगू नका, अष्कलोनाच्या रस्त्यांत पुकारू नका, शत्रू असलेल्या पलिष्ट्यांच्या मुली आनंदतील, असं दावीद म्हणतो. गिलबोवाच्या डोंगरांवर दंव आणि पाऊस न पडो असा शाप देतो. इस्राएलाच्या कन्यांना शौलासाठी रडायला सांगतो. या संपूर्ण गीतात देवाचं नावही नाही. धार्मिक ग्रंथातलं गीत आहे म्हणजे ती प्रार्थनाच असणार, असं धरून वाचणारा इथे गोंधळतो आणि नसलेली प्रार्थना शोधत बसतो.

याच गीताबद्दल आणखी एक शंका हमखास निघते. शौल तर दाविदाच्या जिवावर उठला होता, मग ही स्तुती खरी कशी? प्रश्न स्वाभाविक आहे, पण तो कीनेच्या कामाकडे पाठ फिरवून विचारलेला आहे. कीना गेलेल्याचा हिशेब मांडत नाही. समाजाने काय गमावलं ते ती मोठ्याने सांगते. हे गीत यहूदाच्या लोकांना शिकवावं असा हुकूम त्याच्याआधीच्या वचनात आहे. म्हणजे दाविदाचं दुःख पहिल्या दिवसापासून सगळ्यांनी म्हणायचं होतं.

‘भावनेचा उद्रेक’ म्हणून सोडून देणं

यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकातला ९:१७–२१ हा उतारा शांतपणे वाचावा. शोक करणाऱ्या बायकांना बोलवा, त्यांतल्या जाणत्यांना आणा, असं तिथे सांगितलं आहे. पुढे त्या बायकांनाच आज्ञा आहे की आपल्या मुलींना हा विलाप शिकवा, शेजारणीने शेजारणीला कीना शिकवावी. मृत्यू खिडक्यांतून आत शिरला आहे हे त्याचं कारण. म्हणजे हे कसब होतं, आईकडून लेकीकडे जाणारं होतं आणि ते बायकांच्या हातात होतं. हिब्रू परंपरेत स्त्रियांचा आवाज इतका अधिकाराने ऐकू येणाऱ्या जागा थोड्या आहेत, म्हणून मला हा उतारा फार मोलाचा वाटतो.

पुढच्या काळातला पुरावाही स्पष्ट आहे. इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या संग्रहात पत्नीच्या अंत्यविधीची जबाबदारी नवऱ्यावर टाकली आहे. तिथे रब्बी यहूदा म्हणतात की इस्राएलातल्या सर्वांत गरीब माणसानेही दोन बासऱ्या आणि एक विलाप करणारी स्त्री यांपेक्षा कमी करू नये. मिश्नात गाण्याच्या पद्धतींतही भेद केला आहे: सगळ्या जणी एकसुरात गातात तो एक प्रकार, आणि एक जण म्हणते व बाकीच्या मागून साथ देतात ती कीना. कोणत्या सणाच्या दिवशी यातलं काय चालतं, काय चालत नाही, हेही ठरलेलं आहे. उमाळ्याला असले नियम लागत नाहीत.

इथे आपल्याकडे झटकन ‘रुदाली’ हा शब्द वापरला जातो. तो टाळावा. राजस्थानातल्या त्या प्रथेला जातीची आणि सरंजामी दबावाची पार्श्वभूमी आहे. यिर्मयाने बोलवायला सांगितलेल्या बायकांबद्दल मूळ मजकूर जाणतेपणाच्या आदराने बोलतो.

रचनेचा सर्वांत ठोस पुरावा खुद्द ‘विलापगीत’ देतं. हिब्रू वर्णमालेत २२ अक्षरं. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या अध्यायात प्रत्येकी २२ वचनं आहेत आणि प्रत्येक वचन क्रमाने पुढच्या अक्षराने सुरू होतं. तिसऱ्या अध्यायात एकेका अक्षराला तीन वचनं, एकूण ६६. पाचव्यात वचनं २२च, पण अक्षरांचा क्रम सुटलेला. पहिल्या दोन अध्यायांत एका वचनात साधारण तीन ओळी, चौथ्यात दोन, पाचव्यात एक. शहराची धूळधाण सांगणारा कवी अलेफ या पहिल्या अक्षरापासून ताव या शेवटच्या अक्षरापर्यंत एकही न गाळता जातो आणि शेवटच्या अध्यायात ती शिस्त सोडून देतो. मराठी भाषांतरात यातलं काहीच दिसत नाही. उपाय सोपा आहे: पेन्सिलीने समासात अक्षरांची नावं लिहून काढा. तसं करताना दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या अध्यायात ‘पे’ हे अक्षर ‘अयिन’च्या आधी येतं, तेव्हा आपलंच चुकलं असं समजू नका. वर्णमालेचा तसा क्रमही त्या काळी चालत असे. सिनायमधल्या कुंतिल्लेत अजरूद इथे सापडलेल्या प्राचीन लेखनात तो आढळतो.

लयीचंही असंच. कार्ल बुड्डे या जर्मन अभ्यासकाने १८८२ मध्ये दाखवून दिलं की कीनेच्या ओळीचा पहिला भाग लांब आणि दुसरा आखूड असतो, तीन आघात आणि मग दोन. ओळ शेवटाकडे लंगडते. ही मांडणी उपयोगाची आहे, पण तिची मोजपट्टी करून प्रत्येक शोकगीतावर लावू नका. पाचवा अध्याय तिच्यात बसत नाही, दाविदाचं गीतही सलग बसत नाही.

फक्त ३:२२–२३ उचलणं

माझ्या मते ही सर्वांत नुकसान करणारी चूक. देवाची दया संपत नाही, ती रोज सकाळी नवी होते, असं सांगणारी ही दोन वचनं शुभेच्छापत्रांवर असतात, भिंतीवर टांगलेली असतात. वचनं सुंदर आहेत आणि पुस्तकाच्या मधोमध आहेत. पण पुस्तक तिथे थांबत नाही. त्याच अध्यायात, वीसेक वचनांनंतर, तोच आवाज देवाला म्हणतो की आम्ही बंड केलं आणि तू क्षमा केली नाहीस. प्रार्थना आत पोचू नये म्हणून तू स्वतःला ढगाने वेढून घेतलंस. चौथ्या अध्यायात वेढ्यातली उपासमार आहे. तान्ह्यांची जीभ तहानेने टाळूला चिकटलेली आहे आणि मायाळू बायकांनी स्वतःच्या लेकरांना शिजवलं, हेही आहे.

देव या पुस्तकात उत्तर देत नाही. तिसऱ्या अध्यायात ‘भिऊ नको’ हे त्याचे जुने शब्द कवी आठवतो, तेवढंच. शेवटच्या वचनात, तू आम्हाला कायमचं टाकून तर दिलं नाहीस ना, ही भीती उघडी राहते. ज्यूंच्या सभास्थानात वाचताना इतक्या कठोर ठिकाणी थांबू नये म्हणून आधीचं वचन, ‘आम्हाला परत आण’ या अर्थाचं, पुन्हा म्हटलं जातं. वाचकांची ही सोय परंपरेने केली, पण मजकूर बदलला नाही. मधली आशा आणि शेवटची भीती, दोन्ही तशाच ठेवल्या.

ज्याच्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे त्याच्यापुढे हे पुस्तक वाचणार असाल, तर कृपा करून दोन गोड वचनं वाचून ते बंद करू नका. त्या माणसाच्या दुःखाला भाषा देणारी वचनं उरलेल्या पानांत आहेत. ८८वं स्तोत्रही असंच: गाऱ्हाण्याची बहुतेक स्तोत्रं शेवटी विश्वासाकडे वळतात, हे वळत नाही, अंधारातच संपतं. त्याला ओढूनताणून सुखान्त जोडू नये.

बोलतंय कोण, हे न पाहणं

‘वाचलं पण डोक्यात काही शिरलं नाही’ अशी तक्रार असेल तर कारण बहुधा हे असतं. आवाज न सांगता बदलतात. पहिल्या अध्यायाच्या पूर्वार्धात एक निवेदक उजाड शहराबद्दल बोलतो. ते शहर, म्हणजे स्त्रीरूपात कल्पिलेलं यरुशलेम, ‘सियोनकन्या’, मध्येच एक-दोनदा त्याला तोडते आणि बाराव्या वचनापासून, जाणाऱ्या-येणाऱ्यांनो पाहा, म्हणून स्वतः बोलू लागते. दुसऱ्या अध्यायात निवेदक तटस्थ राहत नाही, त्याचे स्वतःचे डोळे रडून थकतात. तिसऱ्यात एक पुरुष ‘मी’ म्हणून येतो. पाचव्यात ‘आम्ही’. प्रत्येक बदलापाशी समासात नाव लिहा आणि दोघातिघांनी वाटून मोठ्याने वाचा. अर्धी अडचण तिथेच सुटते.

कर्ता यिर्मयाच, असं ठामपणे सांगणं

परंपरा तसं मानते. ग्रीक भाषांतराच्या सुरुवातीला तशी ओळ आहे, तालमूद हा ज्यू धर्मचर्चेचा ग्रंथही तेच म्हणतो, आणि म्हणूनच ख्रिस्ती बायबलमध्ये हे पुस्तक यिर्मयाच्या मागोमाग येतं. मात्र हिब्रू मजकुरात कर्त्याचं नाव नाही, आणि हिब्रू बायबलमध्ये त्याची जागा संदेष्ट्यांत नसून ‘लेख’ या तिसऱ्या विभागात आहे. ४:१७ मध्ये ‘आम्ही’ वाचवायला येणाऱ्या परक्या राष्ट्राची वाट पाहिली असं आहे. यिर्मया तर अशा भरवशाच्या विरोधात आयुष्यभर बोलला. यिर्मयाने योशीया राजासाठी विलाप केला असं २ इतिहास ३५:२५ सांगतं, पण हे पुस्तक त्या राजाबद्दल नाही. ‘परंपरेनुसार यिर्मया’ एवढं म्हणावं.

टोमण्याला शोक समजणं

संदेष्ट्यांनी कीनेचा घाट हत्यारासारखा वापरला. आमोसाने (५:२) उत्तरेकडच्या इस्राएलावर कीना म्हटली ती राज्य भरभराटीत असताना, इ.स.पू. ८व्या शतकात. जिवंत माणसासमोर त्याचं मृत्युगीत गावं तसा तो धक्का होता. राज्य अश्शूरने इ.स.पू. ७२२ च्या सुमारास बुडवलं. यहेज्केल (अध्याय २७) सोर या व्यापारी शहराला मालाने भरलेलं जहाज कल्पून त्याच्या बुडण्याचं गीत रचतो. यशया १४ तर उघड उपहास आहे. तिथला पडलेला प्रभाततारा म्हणजे सैतान, असं वाचण्यापूर्वी चौथं वचन पाहा: हे बाबेलच्या राजाविरुद्ध आहे, असं तिथेच लिहिलं आहे.

काळाची सरमिसळ

‘विलापगीत’ बाबेलच्या नबुखद्नेस्सराने इ.स.पू. ५८६ च्या सुमारास केलेल्या यरुशलेमच्या विध्वंसाबद्दल आहे. रोमनांनी दुसरं मंदिर पाडलं ते इ.स. ७० मध्ये. अव महिन्याच्या नवमीचा उपास, तिशा बाव, दोन्हींसाठी पाळला जातो. त्या रात्री लोक जमिनीवर बसून मंद उजेडात हे पुस्तक खास सुरावटीत ऐकतात. नंतर म्हटल्या जाणाऱ्या ‘कीनोत’ मात्र पुष्कळ उशिराच्या कवींच्या आहेत: एलाझार कालीर, स्पेनचा यहूदा हालेवी, आणि पॅरिसमध्ये १३व्या शतकात जाळलेल्या तालमूदवर शोक करणारा रोथेनबुर्गचा मेईर. त्यांना प्राचीन म्हणू नये. कद्दीश या ज्यू प्रार्थनेलाही विलापगीत म्हणू नका. मृतासाठी म्हणतात हे खरं, पण ती मुख्यतः अरामी भाषेतली देवाची स्तुती आहे आणि तिच्यात मृत्यूचा उल्लेख नाही.

मराठी वाचकाची एक खास चूकही आहे. कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाच्या जुन्या नोंदींत ‘बिरड्याचा सण’ असा शब्द भेटतो. सण म्हटल्यावर गोडधोड आणि आनंद डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात तो तिशा बावचाच उपास, वालाच्या बिरड्यावरून नाव पडलेला. कडधान्य हे ज्यू परंपरेत शोकाचंही अन्न आहे. या नोंदींवर लिहिताना त्या दिवसाला उत्सव म्हणू नये.

संदर्भ जुळत नसेल तर

मराठी बायबल आणि ज्यू आवृत्ती शेजारी ठेवली की वचनांचे आकडे काही ठिकाणी एकाने सरकतात. यिर्मया ९:१७ हिब्रूत ९:१६ आहे. अनेक स्तोत्रांत हिब्रू आवृत्ती वरचं शीर्षकच पहिलं वचन धरते, त्यामुळे पुढचा आकडा एकाने वाढतो, क्वचित दोनाने. ‘विलापगीत’ पुस्तकात ही अडचण येत नाही, तिथे आकडे सारखेच आहेत.